कुंपणावरचा पिवळा हातमोजा

उन्हाळ्यात स्मेर्चेवोला जाणं म्हणजे लग्न लागून गेल्यावर मांडवात जाऊन बसण्यासारखं आहे. बर्फ असतो तेव्हा त्या गावात पाय ठेवायला जागा मिळत नाही. जून उजाडला की तेच गाव दिवसभर जांभया देत पडलेलं असतं. स्की भाड्यानं देणाऱ्या दुकानांची शटरं खाली, ज्या उतारांवरून माणसं घसरत येतात तिथं गुडघाभर गवत, आणि गवतात कुणाकुणाच्या गायी. बर्फ फवारणारी यंत्रं ताडपत्री पांघरून उभी. तरीही थोडेफार हौशी येतातच. रोपवेनं वर जातात, तळं बघतात, तळ्याकाठच्या चॅपेलमध्ये एक मेणबत्ती लावतात, मेंढीच्या दुधाचं दही खातात आणि संध्याकाळी उन्हानं लाल झालेली नाकं घेऊन खाली येतात.

दोबरिना आणि कालोयान यांना तळं बघायचं नव्हतं, दहीही खायचं नव्हतं. ते खाली सपाटीवरच्या प्लोवदिव शहरातून इतका घाट चढून आले होते एक हातमोजा शोधायला.

हातमोजा त्यांच्या लेकीचा, मिलाचा. सहा वर्षांची पोर. दर हिवाळ्यात हे कुटुंब आठवडाभर इथं यायचं. गेल्या फेब्रुवारीत रोपवेच्या खुर्चीत बसून वर जाताना मिलाला आपले नुकतेच पडलेले वरचे दोन दात, म्हणजे दातांची खिंड, बापाला बोट घालून दाखवायची होती. त्यासाठी तिनं डाव्या हाताचा मोजा काढला आणि तो निसटून खाली बर्फात गेला. आजीनं विणलेला पिवळा लोकरी मोजा. पोरीनं जो गळा काढला तो वर पोचेपर्यंत थांबेना. शेवटी कालोयान म्हणाला, "रडू नकोस. उन्हाळ्यात बर्फ वितळला की आपण येऊ. बर्फाखाली सगळं जिथल्या तिथं पडलेलं असतं."

"बर्फाखाली काय असतं?" मिलानं लगेच विचारलं.

"ते येऊनच बघू."

झालं. तेव्हापासून तिनं घर डोक्यावर घेतलं. उन्हाळा कधी येणार, बर्फाखाली काय असतं, मोजा तिथंच असेल ना. उरलेला उजवा मोजा ती झोपतानाही हातातून काढेना. मार्चमध्ये तिला ताप आला, तो मेंदूपर्यंत गेला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. शवपेटीत निजवताना तो उजवा मोजा कालोयाननं स्वतःच्या हातानं तिच्या हातात चढवला. आजूबाजूच्या बायका काही म्हणायला निघाल्या होत्या, पण त्याचं तोंड बघून गप्प बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, पोर गेली, मग मोजा शोधून करायचंय काय? प्लोवदिवमध्ये सगळ्यांनी हेच विचारलं. कालोयान फरशा बसवण्याचं काम करतो, बोलण्यात त्याचा हात कायमच आखडता. तो एवढंच म्हणाला, "मी तिला सांगितलं होतं." दोबरिनानं बॅग भरली.

वेलिका मावशीचं घर गावाच्या टोकाला, रोपवेच्या खालच्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. दर हिवाळ्यात ते तिच्याकडेच उतरत. ही बाई साठीची, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ. पण बर्फात ओले झालेले लोकांचे मोजे न सांगता शेगडीपाशी वाळत घालणारी. त्या दिवशी ती घरी नव्हती. कालोयान सामान उतरवू लागला आणि दोबरिना कुंपणापाशी उभी राहिली.

ते कुंपण तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. हिवाळ्यात ते बर्फाखाली गाडलेलं असायचं. आता लाकडी खुंटांची ती रांग अंगणाला वळसा घालून गेली होती आणि शेवटचा एक सोडला तर प्रत्येक खुंटावर एकेक हातमोजा चढवलेला होता. काळे, निळे, गुलाबी, कातड्याचे, लोकरीचे. बोटं वर. वारा आला की बोटं किंचित हलत होती. एकाचीही जोडी नव्हती, कारण हातमोजा कधी जोडीनं पडत नाही. रोपवेखाली गवत कापताना गावातल्या लोकांना सापडतात ते मोजे मावशीकडे येतात, आणि ज्याचा असेल त्यानं ओळखून न्यावा म्हणून ती खुंटावर चढवते, हे दोबरिनाला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र तिला वाटलं की मातीतून कुणीतरी हात वर केलेत.

तिच्या हातात सफरचंद होतं. खाली सपाटीवर एका म्हाताऱ्याच्या गाडीवरून त्यांनी पिशवीभर घेतली होती. जूनअखेर पिकणारी ती बारकी, पिवळट, आंबटगोड सफरचंदं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पिवळा मोजा दिसतो का, हे बघत ती खुंटामागून खुंट पुढं सरकत होती आणि खात होती. बारके मोजे बरेच होते. पिवळा नव्हता.

"अगोबाई, उन्हाळ्यात कशा काय वाट चुकलात?" मागून आवाज आला. वेलिका मावशी हातात पालेभाजीची जुडी घेऊन फाटकातून येत होती. "आणि आमची भोंगा कुठाय? इतकी शांतता कशी? गाडीत झोपलीये का?"

दोबरिनाच्या तोंडात घास होता. तो तिला गिळता येईना. मग गिळला आणि तिनं सांगितलं. तीन-चार वाक्यांत सगळं झालं. अलीकडे तिला ते कमी शब्दांत सांगायची सवय झाली होती.

मावशीनं भाजी तिथंच गवतावर टाकली आणि दोबरिनाला छातीशी धरलं. "देव तिला पदरात घेवो," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिच्या अंगाला ताज्या शेपूचा वास येत होता. मग तिची पकड एकाएकी ढिली झाली. ती दोबरिनाच्या हाताकडे बघत होती. हातातल्या अर्ध्या खाल्लेल्या सफरचंदाकडे.

"थुंक," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"तोंडात आहे ते थुंक, पोरी. उद्या पेत्रोव्हदेन आहे. संत पेत्राचा दिवस. आजचा एक दिवस राहिला होता गं..."

आणि मग दोबरिनाला आठवलं. लहानपणी आजीच्या खेड्यात शेजारची एक बाई होती. तिचा मुलगा विहिरीत पडून गेला होता. ती बाई सगळा जून महिना झाडाखाली सफरचंदं वेचायची, पण एकही तोंडाला लावायची नाही. मूल गेलेल्या आईनं पेत्रोव्हदेनपर्यंत सफरचंद खायचं नसतं. त्या दिवशी वर स्वर्गात संत पेत्र सगळ्या गेलेल्या पोरांना सफरचंदं वाटतो. ज्याच्या आईनं आधीच खाल्लं त्याच्या हातावर काही ठेवत नाहीत. त्याला सांगतात, तुझं तुझ्या आईनं खाल्लं. सगळी पोरं खातात आणि ते एक नुसतं बघत बसतं.

दोबरिनाला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. फक्त हा नियम आता आपल्याला लागू झालाय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"खुळचटपणा आहे सगळा," कालोयान पायरीवरून म्हणाला. बॅगा त्याच्या दोन्ही हातांत तशाच होत्या. "मावशी, तुमचा मान मी ठेवतो. पण हे असलं काही तिच्या डोक्यात घालू नका. आधीच ती रात्र रात्र जागी असते."

"मी कुठं घालतेय? ते तिच्या डोक्यात आहेच." मावशीनं भाजी उचलली. "सकाळी वर चॅपेलपाशी जत्रा आहे. सगळ्या खोऱ्यातली पोरं जमतील. पिशवीतली सगळी सफरचंदं घेऊन जा आणि तिच्या नावानं वाट. हातानं वाट. आणि एकही परत आणू नकोस."

"त्यानं तिला मिळेल?" दोबरिनानं विचारलं.

मावशी हातातली जुडी नीट करू लागली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "वाट तर खरं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोपवेच्या ठाण्यावर गेले. ठाण्यावर स्पास होता. कायम गालात चणे भरल्यासारखा बोलणारा हा माणूस इतकी वर्षं लोकांना खुर्चीत बसवतोय.

"उन्हाळ्यात खुर्ची उलटी चालते का, असं परवा एकानं मला विचारलं," तो खुर्ची हातानं धरून म्हणाला. "म्हटलं हो, तुम्ही म्हातारे होऊन बसता आणि तरुण होऊन उतरता. बसला बिचारा. बसा वहिनी. दांडी खाली घ्या." त्यानं शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग कालोयानकडे, आणि पुढचा विनोद त्यानं गिळून टाकला. गावात बातमी पोचली होती.

वर ऊन होतं. चॅपेलच्या अंगणात मोठ्या कढईत बोकडाचं सूप उकळत होतं, बायका पावाचे तुकडे करत होत्या, कुणीतरी पिपाणी वाजवत होता. तळ्याच्या काठानं पोरं हुंदडत होती. दोबरिना पिशवी घेऊन त्यांच्यात शिरली. एकेकाच्या तळहातावर सफरचंद ठेवत गेली. "मिलाच्या नावानं." पोरं शिकवल्याप्रमाणे म्हणत, "देव तिला पदरात घेवो," आणि लगेच चावा घेत. सगळीकडे सफरचंद चावल्याचा करकर आवाज. एका मुलीचे पुढचे दात पडले होते. ती तोंड वाकडं करून दाढेनं चावत होती, अगदी मिलासारखी. दोबरिनाला तिथून हलता येईना. शेवटी त्या मुलीच्या आईनं मुलीला हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

पिशवीत शेवटचं एक राहिलं. ते काही केल्या कुणी घेईना. "नको काकू, पोट फुटेल," पोरं म्हणत आणि पळत. दोबरिना त्यांच्यामागं फिरत राहिली. दुपार कलली, कढई रिकामी झाली, लोक खाली उतरू लागले. चॅपेल झाडणाऱ्या बाईलाही तिनं विचारलं. ती म्हणाली, "मला दात नाहीत, बाळा."

"खिशात टाक आणि चल," कालोयान म्हणाला. तो सकाळपासून डोंगराच्या कडेनं खाली बघत होता. "तू खुर्चीनं जा. मी खांबांच्या खालून चालत उतरतो. त्याच रेषेत असणार तो."

"ढग येतायत."

"म्हणूनच आत्ता जातो."

ती एकटीच खुर्चीत बसली. शेवटचं सफरचंद कोटाच्या खिशात होतं आणि मांडीला लागत होतं. खाली कालोयानची निळी टोपी गवतातून वाकत, थांबत, पुन्हा पुढे सरकत होती. मग ढग आले. इथं ढग वरून येत नाहीत. दरीतून, खालून, हळूहळू चढत येतात. आधी गायी दिसेनाशा झाल्या, मग निळी टोपी, मग पुढची खुर्ची. शेवटी तिला फक्त स्वतःचे गुडघे, समोरची दांडी आणि डोक्यावर धुक्यात शिरलेली तार एवढंच दिसत राहिलं. हवा एकदम गार झाली. ओल्या गवताचा आणि ग्रीसचा वास आला.

आणि वीज गेली. डोंगरात जाते तशीच, न सांगता. खुर्चीनं एक झोका घेतला आणि थांबली. वरच्या चाकांची घरघर बंद झाल्यावर कळलं की किती शांत आहे. कुठंतरी लांब गायीच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली आणि तीही थांबली.

दोबरिना घाबरली नाही. हिवाळ्यातही असं व्हायचं. स्पास डिझेलचं इंजिन सुरू करेल, तोवर बसायचं. तिनं कॉलर वर केली आणि खिशात हात घालून सफरचंद मुठीत धरलं.

तेव्हा खुर्ची कलली. डाव्या बाजूला. कुणी अलगद येऊन बसावं तशी, फार नाही. मोठ्या माणसाच्या वजनानं कलते तेवढी नाही.

मग आवाज आला. टक. टक. टक. टणक प्लॅस्टिकचे बूट एकमेकांवर आपटल्याचा. खुर्चीत बसली की मिला स्कीचे बूट असेच एकमेकांवर आपटायची आणि दोबरिना तिला रागवायची. ओल्या लोकरीचा वास आला. त्याखाली आणखी एक वास होता. मार्चमधल्या त्या आठवड्यातल्या गोड औषधाचा. आणि त्याहीखाली... मातीचा.

तिनं मान वळवली नाही. वळवली तर शेजारी कुणी नसेल, याची तिला जास्त भीती वाटत होती, की असेल याची, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"आई... हिरवं आहे."

आवाज अगदी हळू. दात नसलेल्या तोंडातून वारा सुटतो तसा.

"काय गं?" दोबरिना म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही.

"बर्फाखाली. सगळं हिरवं आहे."

"हो... हिरवं आहे."

टक. टक. मग बूट थांबले.

"सगळ्यांना दिलं त्यांनी. मला नाही दिलं. म्हणाले, तुझ्या आईनं खाल्लं."

दोबरिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायला तिला हात हलवायचं धैर्य होईना. "चुकून खाल्लं, सोन्या... मला आठवलंच नाही. भूक लागली होती आणि मला आठवलंच नाही गं."

"बरं."

रागाचा मागमूसही नव्हता त्या शब्दात. तेच तर सहन होईना. दोबरिनानं खिशातून सफरचंद काढलं आणि समोर धुक्याकडे बघत डावा हात बाजूला केला. बोटांच्या टोकांना लोकर लागली. जाड, ओली लोकर. हातातलं वजन गेलं.

मग चावण्याचा आवाज. एका बाजूनं, दाढेनं, सावकाश. दोबरिना डोळे मिटून ऐकत राहिली. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं.

"तिला पण दे."

दोबरिनानं डोळे उघडले. "कुणाला...?"

"ही. हिच्या आईनं पण खाल्लं."

खुर्ची आणखी थोडी कलली.

दोबरिनानं रिकामी मूठ उघडली. "माझ्याकडे... एकच होतं."

काही वेळ नुसतं धुकं. मग तो वारा सुटलेला आवाज, कुणाला तरी समजावत असल्यासारखा, "अर्धं अर्धं करू."

त्याच वेळी खालून, अगदी पायाखालून, हाक आली. "सापडला! दोबरिना, सापडला!" कालोयान. त्याचा आवाज रडवेला होता. मग तो थबकला. धुकं खाली विरळ असणार, कारण तो पुढं म्हणाला, आणि यावेळी त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता, "दोबरिना... तुझ्याशेजारी कोण बसलंय?"

दोबरिनानं समोरची दांडी घट्ट धरली.

"मला पाय दिसतायत. कोण आहे तिथं...?"

"तू चालत राहा," ती हलकेच म्हणाली. "खाली भेटू. आत्ता काही विचारू नकोस."

लांब कुठंतरी डिझेलचं इंजिन खोकलं. वरची चाकं घरघरली, खुर्चीला हिसका बसला आणि ती पुन्हा सरळ झाली. एकदम सरळ, हलकी. दोबरिना हमसून हमसून रडली ती तेव्हा.

खाली स्पास पावसाळी कोट घालून उभा होता. "माफ करा वहिनी, या डब्याला किक मारूनच चालू करावं लागतं." त्यानं दांडी वर केली आणि मोकळ्या जागेवर हात फिरवला. लाकडी पट्ट्यांवर पाणी होतं. ढगांनी सगळंच ओलं केलं होतं, त्यात काही विशेष नव्हतं. तरी त्यानं हात पँटला पुसला आणि परत काही विनोद केला नाही.

कालोयान अर्ध्या तासानं आला. त्याच्या मुठीत मोजा होता. उन्हापावसानं पिवळा रंग उडून मळकट झालेला, त्यात गवताची मुळं शिरलेली. डाव्या हाताचा. वेलिका मावशीच्या स्वयंपाकघरात तो दोबरिनानं टेबलावर ठेवला, गरम पाण्यानं धुतला आणि शेगडीपाशी वाळत घातला. मावशीनं घेवड्याचं कालवण वाढलं आणि एवढंच विचारलं, "परत काही आणलं नाहीस ना?"

"नाही," दोबरिना म्हणाली. "शेवटचंही गेलं."

खोलीत आल्यावर कालोयान पलंगाच्या कडेवर बसला. बराच वेळ तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"हिरवे बूट होते," तो म्हणाला. "भाड्याच्या दुकानात तिला दरवर्षी तसलेच मिळायचे. टाचेला पट्टी लावलेले. मी ओळखले."

"हं."

"पण दोन जोड्या होत्या, दोबरिना. तुझे पाय सोडून. दुसऱ्या पायांत काहीच नव्हतं. अनवाणी होते." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "खुर्ची तर दोघांचीच आहे. ती दुसरी बसली कुठं होती?"

दोबरिनानं त्याचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. खुळचटपणा वगैरे तो काही म्हणाला नाही.

सकाळी लख्ख ऊन पडलं. सामान गाडीत ठेवायला कालोयान बाहेर गेला आणि पुन्हा आत आलाच नाही. दोबरिना बघायला गेली तर तो कुंपणाच्या शेवटच्या खुंटापाशी उभा होता. त्या खुंटावर काल काही नव्हतं. आज एक पिवळा हातमोजा होता. चांगला भरगच्च पिवळा, रंग जराही न उडालेला, अंगठा तेवढा लाल. आजीची पिवळी लोकर संपली होती, म्हणून उजव्या मोज्याचा अंगठा तिनं लाल लोकरीचा विणला होता.

"मावशी," कालोयान घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हा तुम्ही लावलात?"

मावशी पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. तिनं मान वर करून पाहिलं. "नाही. मी ठेवते ते मला आठवतं."

"हा मी घातला होता. माझ्या हातानं. तिच्या हातात. आणि मग झाकण..."

मोज्याला काळी माती लागली होती. डोंगरातली माती तांबडी असते. ही काळी, सपाटीवरची. आत काहीतरी होतं. दोबरिनानं खुंटावरून मोजा काढून तळहातावर उलटा केला. सफरचंदाचा गाभा पडला. एका बाजूला वेडेवाकडे चावे होते, दाढेनं घेतलेले, पुढच्या दातांची खूण नसलेले. ते तिनं कुठंही ओळखले असते. तिनं गाभा फिरवला. दुसऱ्या बाजूचे चावेही लहानच होते, पण सरळ, सगळे दात असलेल्या तोंडाचे.

मिळालं तिला. दोबरिनाच्या मनात पहिलं आलं ते हेच, आणि तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर भीतीचं नावही उरलं नाही. मग तिची नजर कुंपणावरून फिरली. काळे, निळे, गुलाबी मोजे. त्यांतले बारके किती. इतक्या वर्षांत कुणीही ओळखून न नेलेले.

"मावशी, तुमच्याकडे सफरचंदं आहेत?"

मावशीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग उठली, आत गेली आणि ओच्यात भरून घेऊन आली. का म्हणून तिनं विचारलं नाही. दोबरिनानं आधी शेगडीपाशी वाळलेला डावा मोजा आणला आणि उजव्यासकट पुन्हा त्याच खुंटावर चढवला. दोन्ही हातांचे. सगळ्या कुंपणावर ती एकच जोडी होती. मग ती खुंटामागून खुंट चालत गेली आणि जो मोजा लहान दिसेल तो काढून, त्यात एक सफरचंद घालून पुन्हा खुंटावर चढवत गेली. कालोयान तिच्यामागून सफरचंदं घेऊन चालत होता. गुलाबी, निळा, राखाडी, ससा विणलेला एक पांढरा. प्रत्येक मोज्यात सफरचंद बसलं की बोटं फुगायची आणि आत हात असल्यासारखी दिसायची.

शेवटी त्यांनी मावशीचा निरोप घेतला. कालोयान गाडीचं दार उघडत होता, दोबरिना रुमालानं हात पुसत होती. गल्लीत माणूस नव्हतं, वारा नव्हता. आणि मागून, कुंपणाच्या बाजूनं, आवाज आला. करकर. सफरचंद चावल्याचा. मग थोडं पलीकडून दुसरा. मग तिसरा, त्याहून पलीकडे.

कालोयानचा हात दारावरच राहिला. दोबरिनाची मान वळायला लागली.

"बघू नकोस," वेलिका मावशी म्हणाली. ती पुन्हा पायरीवर बसली होती, नजर मांडीतल्या वाटाण्यांवर. कुंपणाकडे तिची पाठ होती, आणि तिनं ती इतकी सहज केलेली होती की ही तिची जुनीच सवय असावी. "लेकरं खात असताना बघू नये. निघा तुम्ही."